पंपाची टाकी गळतीय आणि म्हणे २५० फुटांपुढं बिनधास्त पाणी प्या

गावाजवळच्या एका पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळतीय अशी कुजबूज सुरू झाल्यापासून तासगावकडच्या आमच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, पंपापासनं २५० फुटांच्या पलीकडचं पाणी बिनधास्त प्या म्हणून. वर लिहिलंय "घाबरू नका, शास्त्र समजून घ्या" आणि खाली शास्त्राचा पत्ता नाही. मी सोडून देणार होतो, पण मावशीचा फोन आला, "आमचं बोअर पंपापासनं तीनशे फुटावर हाय, म्हंजे प्यायला चालतंय न्हवं?" मग डोकंच फिरलं.

मेसेज म्हणतो, पेट्रोल पाण्यावर तरंगतं, मोटर खोल असते, म्हणून खालचं पाणी शुद्ध. तरंगतं, मान्य. पण पेट्रोलमध्ये बेन्झिन असतं (आपल्याकडं बीएस-६ ह्या सरकारी इंधन मानकाची मर्यादा १ टक्का), ते पाण्यात विरघळतं आणि त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो. १ लिटर पेट्रोलात १० मिली, म्हणजे साधारण ८.८ ग्रॅम बेन्झिन धरा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका लिटरात पावणेनऊ लाख लिटर पाणी नासतं! थोडं उडून जातं, थोडं मातीत अडकतं, तरी अंदाज घ्या. आणि आपल्या बोअरला केसिंग (आतला पाईप) मुरमापुरतंच असतं, खाली उघडा दगड, वरच्या भेगेतलं पाणीबी त्यातच उतरतं. मग मोटर ३५० फूट खोल सोडली म्हणून काय झालं?

"वास नाही म्हणजे पेट्रोल नाही" हे तर सरळ चूक. पाण्यातल्या बेन्झिनचा वास कळायला लिटरला एक-दोन मिलिग्रॅम तरी लागतं, म्हणजे मर्यादेच्या शंभर-दोनशे पट. वास यायची वाट बघत बसला तर तोवर किती दिवस पीत असाल कुणास ठाऊक.

आता ज्याच्यावर मावशीनं भरोसा ठेवला ते. "अमेरिकेच्या कॉम्प्युटर मॉडेलनं सिद्ध केलंय, प्रदूषण २५० फुटांच्या पुढं जात नाही." ह्यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. १९९५ ला अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं कॅलिफोर्नियातल्या गळक्या टाक्यांचा अभ्यास केला, त्यात बेन्झिनचा पट्टा (जमिनीखालच्या पाण्यातनं सरकणारा दूषित भाग) २५० फुटांच्या पुढं क्वचितच गेलेला दिसला, कारण मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात. पण ती जागेवरच्या मोजमापाची आकडेवारी होती, आणि "क्वचित" चं "कधीच नाही" ह्या मेसेजवाल्यानं केलं. शिवाय तिथली जमीन बहुतेक गाळाची, वाळूची. आपल्याखाली काळा पाषाण! वाळूत शंभरातले पंचवीस-तीस भाग पोकळ असतात, भेगाळ दगडात बऱ्याचदा एक भागसुद्धा नसतो, त्यामुळं तेवढंच पाणी पुढं जायचं तर भेगेतनं कितीतरी पट वेगानं पळतं आणि भेग जिकडं वळेल तिकडं वळतं. सोप्या मॉडेलमध्ये पाण्याचा एकच वेग आणि एकच दिशा धरलेली असते. इथं द्राक्षबागा आणि ऊस, लाईट आली की शिवारातल्या मोटरी एकदम चालू, पाणी ओढलं जाईल तिकडं पट्टापण जाणार, मावशीच्या बोअरकडंसुद्धा. त्यात आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, जिवाणू आधी इथेनॉल खातात, ऑक्सिजन संपवतात आणि बेन्झिन तसंच पुढं सरकत राहतं. १९९५ च्या त्या पेट्रोलला हे लागूच नव्हतं.

मॉडेलला मी नावं ठेवत नाही. जमिनीखालचं पाणी कसं वाहतं ते काढणारी मॉडफ्लोसारखी चांगली आहेत, पण आधी निरीक्षणाची बोअर मारा, पातळी मोजा, नमुने तपासा, ते आकडे भरा, मग बोला. आकडे न भरता फुटपट्टी लावली तर ते भविष्य सांगणं झालं.

बाकीचं पटापट. "स्टॉक बरोबर लागतोय म्हणजे गळती नाही": सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला चारेक लिटर, वर्षाला दीड हजार, आणि वीस हजार लिटरच्या टाकीत डिपच्या काठीला (टाकीत बुडवून पातळी मोजायच्या) रोजचे चार लिटर कसले कळतात! "उकळून प्या": उकळल्यावर बेन्झिन उडतं हे खरं, पण उडून स्वयंपाकघरात तुमच्याच नाकात जातं. "तुरटी फिरवा": तुरटी गढूळपणा बसवते, बेन्झिनला काही करत नाही.

आणि "विहिरीत पेटती काडी टाकून बघा" हे ज्यानं लिहिलं त्याला आधी त्याच विहिरीच्या काठावर उभा करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, विहिरीत साठून राहते, कुठल्या क्षणी भडका उडेल सांगता येत नाही. पोरं करून बघतील हो, तेवढी एक ओळ तरी डिलीट करा.

मावशीला सांगितलंय, पिण्याला टँकरचं घे. ग्रामपंचायतीच्या किटमध्ये बेन्झिन तपासत नाहीत, त्यावर विसंबू नका. लॅबला "बेन्झिन, टोल्यूइन, झायलीन" असं नाव घेऊन विचारा, नमुना काचेच्या बाटलीत गच्च भरा, वर बुडबुडा नको, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. प्लॅस्टिकच्या बाटलीत नेला तर उडून जाईल आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून परत नवीन मेसेज फिरेल.