वाहतूक मोजणाऱ्यांना नोकरी कोण देणार?

पुण्यात नगर रस्त्यावरच्या बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या, मार्गिका काढून टाकल्या गेल्या, तेव्हाचा वाद मी नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथून वाचत होतो. मार्गिकांमुळे कोंडी होते आणि अपघात घडतात, असे एका बाजूचे म्हणणे होते. बसला स्वतंत्र जागा दिल्याशिवाय शहराची वाहतूक सुधारणार नाही, असे दुसऱ्या बाजूचे. मी दुसऱ्या बाजूचा आहे. मात्र त्या रस्त्याने रोज किती माणसे कोठून कोठे आणि कशाने जातात, याची दरवर्षी एकाच पद्धतीने केलेली मोजणी कोणाच्याच हाती नव्हती. देशातील पहिली बीआरटी २००६ मध्ये ज्या शहरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू झाली, त्या शहराने इतक्या वर्षांत स्वतःच्या प्रयोगाची अशी सलग नोंद ठेवली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

येथे नेदरलँड्समध्ये अशी नोंद १९७८ पासून आहे. या देशाचे सांख्यिकी कार्यालय दरवर्षी हजारो नागरिकांना त्यांच्या एका दिवसाचा प्रवास विचारते: घरातून केव्हा निघालात, किती अंतर गेलात, पायी, सायकलने की रेल्वेने. पायाभूत सुविधा मंत्रालयाने २००६ मध्ये वाहतूक धोरणासाठी स्वतःची संशोधन संस्था उभारली. ती मंत्रालयाचा भाग असली तरी तिचे निष्कर्ष स्वतंत्र असतात आणि मंत्र्यांना गैरसोयीचे ठरले तरी प्रसिद्ध होतात. त्यामुळे माझ्यासारख्या वाहतूक संशोधकांना व्यवसाय मिळतो. पीएच.डी. करणारा येथे बहुधा विद्यापीठाचा नोकर असतो. त्याला पगार मिळतो आणि निवृत्तिवेतनाची वर्गणीही भरली जाते. पदवीनंतर मंत्रालय, नगरपालिका, रेल्वे कंपनी किंवा प्रांतिक सरकार यांपैकी कोणाकडे तरी त्याच कामाचे पद निघते.

भारतात बुद्धीची किंवा शिक्षणाची वाण नाही. मुंबई आणि दिल्लीच्या आयआयटींत वाहतुकीचे उत्तम संशोधन होते, आणि कनिष्ठ संशोधकाला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. अडचण त्यापुढे आहे. पीएच.डी. झालेल्याला प्राध्यापकी मिळाली तर मिळाली, नाहीतर सल्लागार कंपनी. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार मेट्रो मागणाऱ्या शहराला सर्वंकष वाहतूक आराखडा द्यावा लागतो. महापालिका किंवा प्राधिकरण त्यासाठी निविदा काढते, कंपनी काही महिने घरोघरी सर्वेक्षण करते, अहवाल सादर होतो, करार संपतो आणि सर्वेक्षण करणारी माणसे दुसऱ्या शहराच्या कामाला लागतात. पाच वर्षांनी त्या अहवालातले अंदाज खरे ठरले का, हे तपासणे कोणाच्याच कामात मोडत नाही. पुणे विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल दोन दशकेही पूर्ण होण्याआधी २०२० मध्ये पाडावा लागला, तेव्हा मूळ अंदाज कोठे चुकले याचा अभ्यास करणारे कायमचे पद महापालिकेत असते, तर पुढच्या पुलांच्या वेळी त्याचा उपयोग झाला असता.

सध्या ‘भविष्यातील वाहतूक’ म्हटले की बहुतेक चर्चा बॅटरी आणि चार्जिंगची होते. ते संशोधन आवश्यकच आहे. पण २०११ च्या जनगणनेत कामाला जाण्याचे साधन विचारले गेले, तेव्हा देशभरात पायी आणि सायकलने जाणारे मिळून दुचाकी आणि मोटारवाल्यांपेक्षा जास्त होते. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये झाली नाही. या माणसांचे आज काय झाले, त्यांनी दुचाकी घेतली की पदपथ नसलेल्या रस्त्याच्या कडेनेच ती अजून चालतात, हा मला भविष्याचा अधिक मोठा प्रश्न वाटतो.

संशोधन असले की धोरण आपोआप येते, असे मात्र येथेही नाही. मोटारीकडून प्रत्येक किलोमीटरमागे शुल्क घ्यावे, याच्या बाजूने डच अर्थतज्ज्ञ अनेक वर्षे हिशेब मांडत आले आहेत. २०१० मध्ये सरकार पडले आणि तयार असलेले विधेयकही बारगळले. फरक एवढाच की तो हिशेब जपलेला आहे, आणि पुढच्या मंत्र्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

परदेशी गेलेल्यांनी परत यावे, असे मायदेशातील लेखांत नेहमी म्हटले जाते. माझ्या क्षेत्रातील अनेकांना यायचे आहे, कारण येथे उरलेले प्रश्न तुलनेने बारीक आहेत आणि पुण्याच्या पीएमपीची बस वेळेवर आणण्याचा प्रश्न लाखोंच्या रोजच्या आयुष्याचा आहे. पण यायचे ते कोणत्या पदावर? मेट्रो धोरणाने प्रत्येक महानगरात एकात्मिक वाहतूक प्राधिकरण सांगितले आहे. त्या प्राधिकरणाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, संशोधकांची कायम पदे धरावीत, त्यांना दरवर्षी प्रवास-सर्वेक्षण करण्याचा निधी द्यावा आणि त्यांचे अहवाल आयुक्तांच्या मंजुरीची वाट न पाहता प्रसिद्ध करण्याची मुभा असावी. एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे ही रक्कम अगदी किरकोळ आहे, आणि ही पदे भरण्यासाठी पहिली जाहिरात निघाली तर अर्ज करणाऱ्यांत पुण्या-मुंबईत शिकलेल्यांबरोबर डेल्फ्टमधलेही काहीजण असतील.