सव्वा लाख चाललेली गाडी मुद्दाम घेतली

गेल्या महिनाभरात निदान दहा जणांनी मला वेड्यात काढलंय, त्यात सासरेबुवा धरलेलेच नाहीत. म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहितो, म्हणजे फोनवर तेच तेच सांगायला नको. तर आम्ही सेकंडहँड डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी घेतली. टाटा हेक्सा, २०१८ चं मॉडेल, एमएच १० म्हणजे सांगली पासिंग, मीटर १ लाख २८ हजार. आणि ते मीटर बघूनच घेतली.

आधी गरज सांगतो. घरात आम्ही सात जण. आई, बाबा, आत्या, आम्ही दोघं आणि दोन पोरं. गाव राजापूर तालुक्यात, पाचलच्या बाजूला. पुण्याहून कराड, मलकापूर करत अणुस्कुरा घाट उतरायचा. घाट कुठलीही गाडी उतरते, त्यासाठी फोर बाय फोर लागत नाही. आमचं सगळं अडतं ते शेवटच्या दीडशे पावलांत. डांबर संपतं तिथून घराच्या खळ्यापर्यंत, म्हणजे अंगणापर्यंत, जांभ्याचा उभा चढ आहे. उन्हाळ्यात मस्त खरखरीत असतो, पण श्रावण आला की शेवाळाने साबण लावल्यासारखा होतो. दोन्ही अंगाला दगडी गडगा, त्यामुळे तिरकं घेऊन चढवायलाही जागा नाही.

आमची जुनी गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. सात माणसं, पाठीमागे सामान आणि तोंड वर करून चढण म्हणजे सगळा भार मागच्या चाकांवर जातो आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. मग चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, क्लच जळल्याचा वास येतो आणि शेवटी सगळे खाली उतरतात. दरवर्षी गणपतीला हेच. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी बेजार झालेले बाबा भर पावसात काठी टेकत त्या चढावर निघाले आणि घसरले. हाड मोडलं नाही, पण त्या रात्री आरती म्हणताना मी मनाशी ठरवलं की पुढच्या वेळी गाडी खळ्यात न्यायची.

तुमच्याकडे असला चढ नसेल तर हा खर्च करू नका, हे आधीच सांगून ठेवतो. फोर बाय फोरचं वजन जास्त, तेलं बदलायची ठिकाणं जास्त, टायर महाग. शिवाय लोकांचा एक गोड गैरसमज असतो की चार चाकं ओढतात म्हणजे पावसात गाडी जास्त सुरक्षित. चढताना हो. ब्रेक मारताना सव्वादोन टनांचं धूड ओल्या रस्त्यावर चारही चाकांना ओढ असो नसो, तितकंच लांब जाऊन थांबतं. हायवेवरच फिरणाऱ्या सात जणांच्या घराने सरळ इनोव्हा शोधावी. सासरे हेच म्हणत होते आणि त्यांच्या घरापुढे सिमेंटचा रस्ता आहे, त्यामुळे त्यांचं बरोबरच आहे.

आता किलोमीटरची गोष्ट. सेकंड गाडीचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘किती चालली?’ आणि आकडा चाळीस हजारांच्या आत असला की समोरच्याच्या तोंडाला पाणी सुटतं. पेट्रोलच्या छोट्या गाडीबद्दल ठीक आहे. डिझेल, त्यातून फोर बाय फोर, बिनवापराची उभी असेल तर मला ती शंभर वेळा तपासावीशी वाटते. हे मला कुणी शिकवलं नाही, तीन महिने शनिवार-रविवार गाड्या बघत हिंडलो त्यातून कळलं.

पहिली गाडी पुण्यातल्याच एका सोसायटीतली. मालक निवृत्त, सज्जन माणूस. २०१६ ची, ३४ हजार चाललेली, कव्हर घालून ठेवलेली. नवऱ्या मुलासारखी चकचकीत. बायको म्हणाली, घेऊन टाक. मी टायरजवळ वाकलो. टायरच्या कडेला लांबोळक्या चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे होतं १११६. म्हणजे २०१६ सालच्या अकराव्या आठवड्यातले टायर, चारही मूळचे. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर दगड झालेलं, बोटाने दाबलं तर कडेला बारीक भेगा उघडतात. ऑईल कधी बदललं? ‘तीन वर्षांपूर्वी. किलोमीटरच झाले नाहीत ना!’ डिझेलचं ऑईल गाडी उभी असली तरी बिघडतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बरोबर आमचे मिस्त्री होते. ते म्हणाले, फोर बाय फोर टाकून बघू. मालकांचा चेहरा असा झाला की जणू आम्ही त्यांच्याकडे घराण्यातलं गुपित मागितलं. त्यांनी आठ वर्षांत तो नॉब कधी फिरवलाच नव्हता. ही चाचणी सुक्या डांबरावर करायची नसते. अशा साध्या फोर बाय फोरमध्ये पुढची आणि मागची चाकं एकमेकांना घट्ट बांधली जातात. वळताना दोघांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि घसरायला माती नसेल तर सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर येतो. म्हणून शेजारच्या बांधकामाच्या खडीत गाडी नेली. नॉब फिरवला, मीटरवरचा हिरवा दिवा लुकलुकला, लुकलुकतच राहिला. फोर-हाय, म्हणजे चारही चाकांची ओढ, लागलंच नाही. मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, ‘जाम झालंय. उघडल्याशिवाय खर्च सांगता येणार नाही.’ महिन्यातून एकदा मातीत थोडं चालवलं असतं तर ही वेळ आली नसती. या गाडीचे मागत होते ११ लाख, कारण ‘लो रनिंग’.

दुसरी एका डीलरकडची, मीटर ४१ हजार. पेडलचं रबर मात्र गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगचं चामडं, घड्याळात दहाचा आकडा असतो त्या जागी, हात लागून लागून चकाकणारं. ड्रायव्हरचं दार उघडलं तर खांबावर ऑईलचा अर्धवट खरवडलेला स्टिकर. ‘पुढील बदल’ याच्यापुढे ९२, नंतरचे आकडे गेलेले. म्हणजे मीटर मागे फिरवलेलं. मी त्या पोराकडे बघितलं, त्याने स्टिकरकडे बघितलं आणि विचारलं, ‘दादा, चहा घेणार का?’ चहा घेतला. चांगला होता.

दिल्लीच्या गाड्यांचा मोह मलाही झाला, लपवत नाही. २०१५ सालच्या हरित लवादाच्या आदेशापासून तिकडे दहा वर्षांच्या डिझेलच्या डोक्यावर टांगती तलवार आहे, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. पण तिकडची एनओसी (ना हरकत दाखला) आणा, इथला टॅक्स नव्याने भरा (डिझेलला आपल्याकडे १३ ते १५ टक्के, किमतीप्रमाणे, जुन्या गाडीला घसारा धरून), आणि एवढं करून ती गाडी उभं आयुष्य सिग्नलवर घुरघुरत काढलेली. हिशेब मांडला आणि मोह आवरला.

बीएस-६ या धुराच्या नियमांतल्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत तर शहरातली कमी चाल जास्तच महागात पडते. डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी सायलेन्सरच्या वाटेत असते. ती साफ व्हायला इंजिन हायवेवर सलग तापावं लागतं. घर, शाळा, भाजी, घर एवढंच चालणाऱ्या गाडीची जाळी तुंबते. बजेट नव्हतंच, पण असतं तरी मी शहरातली बीएस-६ डिझेल घेताना दहादा विचार केला असता.

आणि मग तासगावकडचे बागायतदार भेटले. द्राक्षाची बाग. गाडी सोलापूर, नाशिक, बंगळूर अशी सलग पळालेली. मी घाबरत विचारलं, एवढी कशी चालली? ते म्हणाले, ‘लय पळालीया, पर उभी ऱ्हाऊन कुजली न्हाई.’ आत गेले आणि एक वही घेऊन आले. पुढून बागेच्या फवारणीच्या नोंदी, तारीख, औषध, प्रमाण. वही उलटी केली की मागच्या पानांवर गाडी. तारीख, किलोमीटर, ऑईल, डिझेल फिल्टर, कुठल्या चाकाचं बेअरिंग, किती रुपये. एकाच निळ्या पेनाने, सहा वर्षं. एका ओळीत फक्त ‘उंदीर, वायर, ६५०’. कंपनीच्या सर्व्हिस रेकॉर्डवरचे किलोमीटर त्या वहीशी जुळवून बघितले, तंतोतंत जुळले. खरं सांगू का, मी गाडी नंतर बघितली. आधी वही पसंत केली.

तरी भाबडेपणा केला नाही. सांगली पासिंग म्हटल्यावर ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतोच. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात, चिपळूणच्या २०२१ च्या पुरानंतरही आल्या. त्या ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढायचा. वरचा भाग कुणीही धुतो, आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहून जाते. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज बघायचा, चटई उचलून वास घ्यायचा. आमच्याकडं पाणी आलं न्हवतं, असं ते म्हणाले आणि मी चटया उचलतोय हे बघून हसून स्वतःच दुसऱ्या बाजूची उचलायला लागले.

मिस्त्रींनी आधीच फोन करून बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. बॉनेटवर हात ठेवला, गार. थंड इंजिन एका झटक्यात सुरू झालं, धूर जरासा आणि लगेच गेला. चालू इंजिनवर ऑईलचं झाकण सैल करून बघितलं, बॅक कॉम्प्रेशन नाही, म्हणजे आतून धूर-हवा उसळत नाही. खाली झोपून शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून बघितले. हेक्साला फोर बाय फोरचा लिव्हर नाही आणि फोर-लो, म्हणजे जास्त ओढीचा संथ गिअरही नाही. एरवी मागची चाकं ओढतात, घसरायला लागली की पुढच्यांना ताकद जाते. भयंकर चिखलात घालायला ही गाडी नाही. पण दीडशे पावलांच्या शेवाळाला पुरेशी आहे. असल्या गाडीत चारही टायर सारखेच झिजलेले असावे लागतात, नाहीतर ती जोडणी उगाच राबत राहते. यांचे दोन नवे, दोन जुने. तिथेच घासाघीस केली आणि साडेसात लाखांना सौदा ठरला.

खरी परीक्षा मात्र आईने घेतली. सौद्याच्या आधी तिला तासगावला घेऊन गेलो होतो. ती काही न बोलता मागचं दार उघडून तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. आम्ही बघितलेल्या दोन-तीन जुन्या गाड्यांत मागे समोरासमोरचे बाक होते. तिथे पोरांना बसवून घाट उतरायचा हे माझ्या जिवावर येतं, मग भाव काही असो. इथे सीट पुढे तोंड केलेली, एसीचा झोत मागपर्यंत. आई पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, ‘उतरताना हाताला धरायला काहीतरी पाहिजे.’ हा मुद्दा एकाही रिव्ह्यूत नव्हता. सीटच्या पाठीला पट्टा शिवून घेतला, ३०० रुपये.

तक्रारी आहेतच. सातही जण बसले की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही जात नाही, वर कॅरियर लावावं लागलं. चार टायर १९ इंची, ५६ हजार. पुढचे शॉकअप आणि बुश मिळून आणखी २२. शहरात नऊ-दहाचं ॲव्हरेज, हायवेला तेरा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावताना शेजारचे खिडकीतून बघत असतात. हेक्सा २०२० पासून बंद आहे, पार्टची वाट बघावी लागते, हेही खरं. आणि इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. एजंट हे आपण होऊन सांगत नाहीत.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी धो धो पाऊस होता. डांबर संपलं तिथे थांबलो. सवयीने बाबांनी दाराला हात घातला, म्हटलं बसा. पहिला गिअर. मध्यावर मागचं एक चाक घसरून फिरायला लागलं, गाडी क्षणभर तशीच तरंगली आणि मग पुढून कुणीतरी हात देऊन ओढावं तशी वर गेली. मूर्ती मधल्या रांगेत आत्याच्या मांडीवर होती. खळ्यात गाडी उभी राहिली तेव्हा काका नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘आता ही लावायची कुठे? मंडप घालायचाय इथे.’

परवा तासगावहून फोन आला. मला वाटलं कागदपत्रांचं काही राहिलं असेल. ते म्हणाले, ‘दहा हजार होत आलं आसतील, ऑईल बदललं का?’ म्हटलं, बघतो. मग थोडं थांबून, ‘वही फुडं लिवताय न्हवं?’

फोन ठेवला आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन मीटर बघून आलो. चारशे राहिलेत.