जुनी लेन्स आणि वेरूळचा कैलास

पॅनोरमासाठी, म्हणजे अनेक फोटो जोडून केलेल्या रुंद चित्रासाठी, ऑटोफोकसच हवा, हाताने फोकस करायची जुनी मॅन्युअल लेन्स नको, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. वेरूळच्या १६ क्रमांकाच्या लेण्यावर, डोंगराच्या कडेला उभं राहून मी ५८ मिमीच्या जुन्या हेलिऑस लेन्सने अख्खा कैलास ९ उभ्या फ्रेममध्ये टिपलाय. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ/८, फोकस एकदा लावला की रिंग जागची हलत नाही. पॅनोरमाला हेच तर हवं असतं! शटरचा वेग आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) तेवढे सगळ्या फ्रेमसाठी एकच पक्के करा, नाहीतर जोडांवर आभाळात पट्टे उमटतात. शेजारच्या फ्रेममध्ये तिसरा हिस्सा सामाईक ठेवा. खाली प्रांगणात मात्र जवळच्या खांबांमुळे जोड फसतात. तिथे कॅमेरा लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलभोवती, म्हणजे समोरून बघताना अ‍ॅपर्चर जिथे दिसतं त्या बिंदूभोवती, फिरवावा लागतो. आणि आपल्या मराठवाड्याच्या उन्हात लेन्सच्या तोंडावर ऊन अडवणारा हुड लावाच, जुन्या काचेवर चकाकी फार येते.