ओला, सुका आणि टरफले

आमच्या संशोधन संस्थेत कचरा कमी करण्यासाठी समिती नेमली गेली त्या दिवशी मी रजेवर होतो, आणि तिचा नोडल अधिकारी, म्हणजे या कामाला जबाबदार माणूस, होण्यास एवढी पात्रता पुरेशी ठरली. कागद वाचवण्याची सूचना असलेला आदेश मला दोन प्रतींत मिळाला.

पहिला घोळ रंगांचा झाला. घनकचऱ्याचे आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे नवे नियम एकाच वर्षी, 2016 साली, आले. पण आमच्याकडे उपाहारगृहात निळी बादली म्हणजे सुका कचरा, तर वीस पावलांवरच्या प्रयोगशाळेत निळा म्हणजे काच. पिपेटच्या, म्हणजे द्रव मोजून घेण्याच्या नळीच्या, वापरलेल्या प्लॅस्टिकच्या टिपा लाल पिशवीत का जातात, हे मी तासभर समजावल्यावर सफाईच्या मावशींनी हातातला कागदी कप पुढे धरला. "साहेब, ह्यो कुठल्यात टाकू सांगा की." मी कप निरखून पाहिला. बाहेरून कागद, आतून प्लॅस्टिकचा पातळ थर, तळाशी घोटभर चहा आणि त्यात बुडालेले बिस्किटाचे टोक. कपाचा प्रश्न समितीकडे गेला आणि समितीने त्यावर एक पूर्ण बैठक खर्ची घातली, ज्यात आणखी अकरा कप जमा झाले.

खरा पेच मात्र ओल्या कचऱ्याचा होता, कारण सोलापुरात मे महिन्यात ओला कचरा ही कल्पनाच मुळात धाडसाची आहे. सकाळी टाकलेली कलिंगडाची साल दुपारी पापडासारखी वाजते. कंपोस्टच्या खड्ड्यात गांडुळे सोडण्याचा प्रस्ताव मी मांडला, तेव्हा आधी त्यांच्यासाठी कूलर मंजूर करून घ्या, असे लेखा विभागाने सुचवले. प्रयोगशाळेतला कचरा वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला 121 अंश तापमान लागते असे मी सांगितले, तर मावशी म्हणाल्या, "चव्वेचाळीस तर भायेरच हाय, वरचंच तेवढं तापवा की."

तशात एके दिवशी बैठकीच्या टेबलाखाली शेंगांच्या टरफलांचा ढीग सापडला. कुजतात म्हणून ती ओल्यात, की कोरडी ठणठणीत म्हणून सुक्यात, हे ठरण्याआधीच उपस्थित आठही जणांनी आपण शेंगा खाल्ल्या नसल्याचे जाहीर केले. टिळकांनंतर एवढ्या निःसंदिग्धपणे हे कोणी सांगितले असेल, असे मला वाटत नाही. फरक इतकाच, की त्यांपैकी तिघांच्या ओठांवर अजून लाल साल चिकटलेली होती.

टरफले अखेर मीच उचलली. ती भरताना उपाहारगृहातल्या निळ्या बादलीचा तळ निखळला. बादली फेकून देण्याचा मोह झाला. पण तिची डेडस्टॉक नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या यादीत, नोंद आहे, त्यामुळे अशा नोंदी रद्द करणाऱ्या निर्लेखन समितीची मंजुरी मिळेपर्यंत ती कचरा नसून शासकीय मालमत्ता आहे. गेले सात महिने ती माझ्या खोलीत उभी आहे. त्या समितीची बैठक अजून ठरलेली नाही, आणि मागच्या आठवड्यात मी रजेवर असताना तिचेही अध्यक्षपद मला मिळाले आहे.