‘त्या’ मुलांमुळे आपल्या मुलांचं नुकसान होतं म्हणे!

पालकांच्या ग्रुपवर दर जूनला एक मेसेज फिरतो. सार असं: दिव्यांग मुलांना साध्या वर्गात बसवलं की हुशार मुलं मागे पडतात. सवलती म्हणजे फुकटचे मार्क. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेतच. आणि एकट्या बाईंनी कुणाकुणाकडे बघायचं?

आधी नुकसानीचं बघू. शिक्षणाचे अभ्यासक थॉमस हेहिर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २५ देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. बहुतेक ठिकाणी इतर मुलांच्या अभ्यासावर परिणाम नगण्य किंवा किंचित चांगलाच दिसला. जिथे वाईट दिसला, तिथे बहुधा वर्तनाच्या गंभीर अडचणी असलेली मुलं होती आणि शाळेची तयारी नव्हती. चांगला परिणाम का, हे वर्गात बसलं तरी कळतं. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीसाठी बाई फळ्याकडे तोंड करून बोलायचं थांबवतात, गृहपाठ नुसता सांगत नाहीत, मोठ्या अक्षरात लिहूनही देतात. मग शेवटच्या बाकावरच्या, चष्मा लागलाय हे अजून घरी कुणाला ठाऊक नसलेल्या पोराचंही भलं होतं. घरी कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलालाही सूचना दुसऱ्यांदा, चित्रासकट मिळाली तर हवीच असते.

फुकटचे मार्क? केंद्राने २०१८ मध्ये लेखी परीक्षेला तासामागे किमान २० मिनिटं जादा ठरवली. त्या वेळात उत्तर आपोआप येत नाही. लेखनिकही सांगितलं तेवढंच लिहितो. हात आखडण्याच्या त्रासामुळे लेखनिक मागणाऱ्या उमेदवाराला यूपीएससीने नकार दिला होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. वाढीव गुणांवर वाद जरूर घाला, पण वेळ आणि लेखनिक त्यात ओढू नका.

वेगळ्या शाळांचा मुद्दा निम्मा खरा आहे. खुणांची भाषा कुणालाच येत नसलेल्या वर्गात कर्णबधिर मूल एकटं पडतं, तिथे विशेष शाळाच बरी. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड दिली आहे. ती ग्रुप ॲडमिनच्या हातात नाही. शिवाय विशेष शाळा गावोगाव नाहीत. ‘तिकडे पाठवा’ म्हणजे अनेकदा सहा वर्षांच्या लेकराला वसतिगृहात ठेवा.

राहिल्या बाई. ही तक्रार मात्र शंभर टक्के रास्त, फक्त पत्ता चुकलाय. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच ठरवून दिलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. तेव्हा मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा, आपल्या शाळेत विशेष शिक्षक शेवटचे कधी आले होते, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.