‘शेडचं डिझाइन कंपनीच करते, वेगळा इंजिनिअर कशाला?’

प्री-इंजिनिअर्ड शेड (कारखान्यात सुटे भाग करून साइटवर जोडलेली स्टीलची शेड) बांधायला निघालेल्याला हमखास मिळणारा सल्ला: डिझाइन कंपनीच करते, सही तिच्या इंजिनिअरची असते, स्ट्रक्चरल कन्सल्टंटची फी वाचवा. एकेक मुद्दा घेऊ.

‘डिझाइन कंपनी करते.’ बहुधा बेसप्लेटपर्यंतच, म्हणजे कॉलमच्या तळच्या पाटीपर्यंत. त्याखालच्या पायासाठी हातात पडतो तो रिॲक्शनचा, म्हणजे कॉलम पायावर टाकणाऱ्या जोरांचा तक्ता. कॉलमचा तळ ‘फिक्स्ड’, म्हणजे पायाशी घट्ट जखडलेला धरला की स्टीलचं टनेज उतरतं, कोटेशन स्वस्त दिसतं. पण मग तळाशी येणारा मोमेंट (वाकवणारा जोर) फुटिंगमध्ये, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या पायात जातो आणि तिथलं काँक्रीट तुमच्या खिशातून. ठेकेदार मात्र फुटिंग ओततो ते वरून येणारं वजन धरून. हलक्या शेडला खरी भीती वाऱ्याने उचललं जाण्याची. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ (भाग ३), मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मी./से. देतं. त्याचा दाब ०.६ × ४४², म्हणजे चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन, जवळजवळ ११८ किलो. जागा, उंची, आकार यांचे गुणक लावले की आकडा हलतो, पण पत्रा आणि पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) यांचं वजन चौरस मीटरला जेमतेम १०-१५ किलो.

‘त्यांना सगळं ठाऊक असतं.’ तुम्ही सांगाल तेवढंच. पुण्याचा वेग ३९. तो चुकून मुंबईच्या शेडला लागला तर दाब २१ टक्क्यांनी कमी धरला जातो. भिंतीत ५ टक्क्यांपर्यंत उघडी जागा असेल तर आतल्या दाबाचा गुणांक ०.२, २० टक्क्यांच्या वर ०.७. मोठं शटर वादळात उघडं राहू शकतं, हे कंपनीला कोण सांगणार? छताचा लाइव्ह लोड (दुरुस्तीला चढणारी माणसं वगैरेंचा भार) चौरस मीटरला अमेरिकी पद्धतीचा ०.५७ किलोन्यूटन धरलाय की आयएसचा ०.७५, हेही विचारा.

‘सही त्यांची, जबाबदारी त्यांची.’ इथे अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं हयात रिजन्सी हॉटेल आठवावं. मूळ आराखड्यात लॉबीवरून जाणारे दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे पादचारी पूल एकाच सलग रॉडला टांगलेले होते. रॉडवर लांबवर आटे पाडणं नको म्हणून फॅब्रिकेटरच्या (स्टीलचे भाग बनवणाऱ्याच्या) बाजूने एकाचे दोन रॉड झाले. खालचा पूल आता वरच्याच्या बीमला लटकला आणि चौथ्या मजल्याच्या नटवरचा भार दुप्पट झाला. दोन चॅनल (इंग्रजी C आकाराचे स्टीलचे भाग) समोरासमोर जोडून केलेला तो बीम. रॉडचं भोक नेमकं वेल्डमधून. १७ जुलै १९८१ ला नट बीममधून ओढला गेला, ११४ माणसं गेली. जोडाचं डिझाइन फॅब्रिकेटर करतो असं इंजिनिअर धरून चालले, इंजिनिअरांनी केलंय असं फॅब्रिकेटर. शॉप ड्रॉइंगवर (फॅब्रिकेटरच्या कामाच्या नकाशांवर) इंजिनिअरांच्या मंजुरीचा शिक्का होता. परवाने त्यांचे गेले. (मूळ एक-रॉडचा जोडही शहराच्या बिल्डिंग कोडमध्ये बसत नव्हता, हे तपासात निघालं.)

कंपनीकडे डिझाइन सोपवणं चूक नाही. तिच्या फ्रेमचे जोड तिलाच उत्तम कळतात. पण भार, फ्रेम सरकण्याच्या मर्यादा आणि बेसची पद्धत ऑर्डरआधी लेखी द्यायला आणि आलेली गणितं तपासायला तुमच्या बाजूचा एक माणूस लागतो.

‘एकदा उभं राहिलं की झालं.’ शटरच्या आड येतो म्हणून ब्रेसिंगचा (शेड आडवी हलू नये म्हणून लावलेला तिरका) रॉड साइटवर सर्रास कापला जातो. त्या गाळ्यात, म्हणजे दोन कॉलममधल्या जागेत, त्याऐवजी पोर्टल (कॉलम-बीमची घट्ट चौकट) हवं किंवा ब्रेसिंग दुसऱ्या गाळ्यात हलवायला हवं. दोन्हींत रिॲक्शन बदलतात, म्हणजे फुटिंगही पुन्हा तपासायचं.