प्लस-पी नको, आधी आपलं पिस्तूल काय घेतं ते बघा

‘लहान नळीच्या स्वस्त पिस्तुलात प्लस-पी (नेहमीपेक्षा जास्त दाबाची) काडतुसंच घाला’ हा स्वसंरक्षणाच्या पिस्तुलांवरच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. ९ एमएम पिस्तुलाची नळी तीन-साडेतीन इंचांची झाली की गोळीचा वेग घटतो, हे खरंच. पण प्लस-पीने धक्का वाढतो, आणि हलक्या पिस्तुलात दुसरी गोळी नेमावर आणायला उशीर होतो. आखूड नळीसाठी बनवलेली साध्या दाबाची १२४ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेली, शिरल्यावर पसरणारी गोळी मिळते. एफबीआयच्या जिलेटिन चाचणीत (शरीराऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडून पाहतात) ती १२ ते १८ इंच शिरत असेल, तर आणखी काय हवं? पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेत प्लस-पी चालतं का, तेही आधी वाचा.

लेखात मुख्य गोष्टच राहिली. मी टेक्सासमध्ये राहतो. माझ्या पिस्तुलात सरावाची गोल नाकाची काडतुसं लोण्यासारखी चालायची, पण हॉलो पॉइंट तिसऱ्याच वेळी अडकली. रुंद तोंड चेंबरच्या (नळीमागे काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेला टेकलेलं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) अर्धवट उघडी! दुसऱ्या बनावटीच्या शंभर गोळ्या एकदाही न अडकता सुटल्या, तेव्हाच ती भरून पिस्तूल कमरेला लावलं. महाग पडलं, पण यात काटकसर करू नये. आणखी एक, रोज पिस्तूल रिकामं करून तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवू नका. माझं एक नव्या काडतुसाशेजारी उभं केलं, तर गोळी काडतुसाच्या नळकांड्यात स्पष्ट आत दबलेली दिसली. अशाने गोळी झाडताना आतला दाब धोकादायक वाढतो.